परत आला की नाही, तेवढं सांग

तलासरीत हायवेच्या कडेला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पण मला कोणी झेरॉक्सवाला म्हटलं की राग येतो. मी स्वतःला क्रीडा पत्रकार समजतो. एक फोन, तो उभा करायची एक तिपाई, कॉलरला अडकवायचा एक माईक आणि ऑनलाइन एक पेज, एवढ्या भांडवलावर मी तलासरी आणि डहाणू तालुक्यातल्या गावोगावच्या स्पर्धा लाइव्ह दाखवतो. पाहणारे कोण, तर वापी-उंबरगावच्या कंपन्यांत शिफ्टला गेलेली पोरं, मुंबईत वॉचमन असलेले काका-मामा, आणि मैदानातच मागच्या रांगेत उभी असलेली मंडळी. ही शेवटची मंडळी माझा हक्काचा प्रेक्षकवर्ग. पुढच्यांच्या डोक्यांमुळे त्यांना काही दिसत नाही, म्हणून समोर चाललेला सामना ते माझ्या पेजवर बघतात. पेजवर सगळं अर्ध्या-पाऊण मिनिटाने उशिरा पोचतं. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक आरोळी दोनदा उठते, आधी पुढच्या रांगेतून आणि मग मागच्या.

कॉमेंट्रीही मीच करतो. आवाज देवाने बरा दिलाय आणि शब्दांची मला कधी ददात पडली नाही. बायको म्हणते, भाजीत मीठ कमी आहे हे सांगायला तुम्हाला एक हुं पुरतो, आणि मैदानात गेलात की टाळूला जीभ लागत नाही. यात खोटं काही नाही. मी प्रायोजकांचे आभार मानतो, पाहुणे आले की कोण आले ते सांगतो, ते उठून गेले की का गेले असावेत तेही सांगतो. रानशेतच्या क्रिकेटला पहिलं बक्षीस म्हणून बोकड होता, तो मंडपाच्या खांबाला बांधला होता. मी त्याच्या रंगरूपावर इतका वेळ बोललो की तेवढ्यात दोन गडी बाद झाले. ते मी सांगितलं नाही. कारण माझं एक तत्त्वच होतं: जे चित्रात दिसतंय ते पुन्हा तोंडाने काय सांगायचं? कॉमेंट्रीवाल्याने चित्रात नाही ते द्यावं. हे तत्त्व मी कुठे वाचलं नव्हतं, माझं मीच काढलं होतं, आणि ते मी नवशिक्या पोरांना शिकवतही असे.

रानशेतलाच एका पाड्यावर कबड्डीच्या स्पर्धा होत्या. भात कापून झालेलं शेत, त्यातला एक तुकडा पाणी मारून, चोपून सपाट केलेला, भोवती बांबूचं कुंपण, एका बाजूला मंडप. लाइव्ह करण्याइतकी रेंज फक्त एका कोपऱ्यात, ताडाच्या बुंध्याशी यायची. तिथे मी तिपाई रोवली. उद्घाटनाला मला माईकवर दोन शब्द बोलायला सांगितलं. दोन शब्दांत मी कधी आटपलेलो नाही. मी तरुणांना सांगितलं की आता प्रत्येकाच्या खिशात चॅनेल आहे, कुणावर अवलंबून राहू नका, फोन काढा आणि लाइव्ह करा, आपल्या गावाचा खेळ जगाला दाखवा. टाळ्या पडल्या. मीही माझ्यासाठी थोड्या वाजवल्या.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत बोलून बोलून माझा नाही, पण फोनचा जीव गेला. पॉवर बँकही बसली होती. मंडपातल्या बोर्डावर चहाची शेगडी, लाउडस्पीकर आणि पंखा यांची आधीच मारामारी चालली होती. कुणीतरी बांधापलीकडचं घर दाखवलं. कुडाच्या भिंती, वर कौलं, अंगण सारवलेलं. जेवणाची सुट्टी होती, मी चार्जर घेऊन तिकडे निघालो.

अंगणात पाय ठेवला आणि थबकलो. घरातून माझाच आवाज येत होता.

खोटं कशाला बोलू, मला गहिवरून आलं. इतकी वर्षं मी एका काचेच्या तुकड्याशी बोलत होतो. आकडे दिसायचे, अंगठे दिसायचे, पण घरात बसून मला ऐकणारं जितंजागतं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं. मी दाराशीच उभा राहून स्वतःला जरा वेळ ऐकलं. मी छान बोलत होतो. चिकू वेफर्सवाल्या प्रायोजकांच्या दातृत्वावर होतं ते.

आत एक बाई नाचणीचं पीठ चाळत होती. पन्नाशीच्या आसपासची, कपाळावर ठसठशीत कुंकू. फोन खिडकीच्या फळीवर होता, पण पालथा. काच खाली, पाठ वर. माझं चित्र फळी बघत होती आणि आवाज खोलीभर फिरत होता.

"मावशी, जरा चार्जिंगला लावू का?" मी विचारलं.

तिने वर बघितलं, फोनकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. "तूच काय तो?"

"हो, मीच," मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो.

"बरा गावलास. सकाळची मॅच आता तिसऱ्यांदा ऐकते. माझा पोर जिंकला का हरला, ते काय समजत नाय."

मी हसलो. तिला वाटलं मला ऐकू गेलं नाही, म्हणून तिने आवाज चढवला. "सरपंच आला ते सांगतोस. वेफर कुठं मिळतात ते सांगतोस. ऊन किती हाय ते सांगतोस. ऊन मला हितं दिसतं. तिकडं काय झालं ते सांग ना."

मी समजावलं, मावशी, फोन सुलटा करा, चित्रात सगळं दिसतं. ती म्हणाली, "मी नाय बघणार." आणि पीठ चाळायला लागली. मला वाटलं बोलणं संपलं. मी प्लग लावला, मडक्यातलं पाणी मागून घेतलं, तेव्हा तिने पुढचं सांगितलं.

तिचा मुलगा पाड्याच्या संघात चढाई करतो. कबड्डीत चढाई म्हणजे एकट्याने समोरच्या सात जणांत शिरायचं, कुणाला तरी शिवायचं आणि त्यांनी धरायच्या आत मधली रेष गाठून परत यायचं. गेल्या वर्षी ह्याच शेतात, ह्याच स्पर्धेत त्याला पकडलं आणि ढिगाखाली त्याचा उजवा खांदा निखळला. ती तेव्हा पहिल्या रांगेत बसली होती. तो आत शिरला तेव्हा हिने कौतुकाने त्याला नावाने हाक मारली, त्याची मान क्षणभर वळली, आणि तेवढ्यात धरला, असं तिचं म्हणणं होतं. डहाणूला दवाखान्यात नेला. चिकूच्या वाडीत तोडणीवर जाणारं पोर, हात डोक्याच्या वर गेल्याशिवाय तिथे कुणी कामाला घेत नाही. सगळा हंगाम तो घरी बसला, आणि ही दुसऱ्यांच्या शेतात दोघांपुरतं राबली. यंदा तो पुन्हा तोडणीला जायला लागला होता, आणि पुन्हा कबड्डीला. तिने नको म्हणून पाहिलं, तो ऐकेना. मग तिने स्वतःपुरतं ठरवलं की आपण बघायचं नाही. मैदानात तर नाहीच, फोनवरसुद्धा नाही. आपण बघितलं की त्याला काहीतरी होतं.

"आधी तिकडनं बोंब येते," ती म्हणाली. "कुणाची बोंब, कशाची, काय समजत नाय. मग हातातलं सोडून बसते. मग तू बोलतोस. तर तू वेफर सांगतोस."

इथे मी तिला टॉवर, सर्व्हर आणि डेटा यांच्याविषयी सविस्तर माहिती दिली आणि आवाज उशिरा का पोचतो ते शास्त्रोक्त समजावलं. तिने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते तुझं तू बघ. किती गुण झाले तेही नको सांगू. माझा पोर गेला की तो परत आला की नाही, तेवढं सांग. दुसरं मला काय नको."

मी शब्द दिला. आल्याचा चहा प्यायलो आणि निघालो. वाटेत माझ्या मनात आलं की एका अडाणी बाईला कॉमेंट्रीची कला काय कळणार. बांध ओलांडेपर्यंत मी हेच घोकत होतो, आणि पलीकडे उतरलो तेव्हा ते मलाच पटेनासं झालं होतं. एवढ्या वर्षांत माझ्याकडे काही मागणारी ती पहिलीच श्रोता होती, आणि तिने तीन शब्दही धड मागितले नव्हते.

दुपारच्या सामन्यात तिचा मुलगा पहिल्यांदा चढाईला निघाला. काळासावळा, सडपातळ, उजव्या खांद्यावर पट्टी. मी प्रायोजकांचं वाक्य अर्धवट सोडलं. तो आत गेला, एकाला शिवला, वळला, रेष ओलांडली. मी म्हणालो, "परत आला."

फार कोरडं वाटलं. पुढे काहीतरी जोडावं म्हणून जीभ वळवळत होती, पण मी ओठ घट्ट मिटले. पुन्हा गेला, पुन्हा आला, मी पुन्हा म्हणालो, "परत आला." संध्याकाळपर्यंत पेजवर लोक विचारायला लागले. 'दादा, बाकीचे गडी काय तिकडेच राहिले का?' 'ह्याचंच सांगतोस, जावई करून घेणार की काय?' मुंबईच्या एका काकांनी लिहिलं, 'परत आला, जेवून गेला का ते पण सांगा.' मला राग येण्याऐवजी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तर तो रेष ओलांडून आला की मागच्या रांगेतली पोरं माझ्या आवाजात ओरडायची, "परत आला." मी लगेच मनात ठरवून टाकलं की ही माझी खास शैली आहे. कुणी विचारलं तर ती मला कुठून सुचली हे सांगायची मला गरज वाटत नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला करणारा मी, दोन शब्दांवर प्रसिद्ध होत होतो.

फायनल पाड्याचा संघ आणि आमच्या तलासरीकडचा एक संघ यांच्यात लागली. त्यामुळे माझी अवस्था सासर-माहेरच्या भांडणात अडकलेल्या बाईसारखी झाली. तलासरीचे लोक मला आपला म्हणणार, पाड्याने दोन दिवस चहा पाजलेला. मी जाहीर केलं की मी निःपक्षपाती आहे. त्यावर दोन्हीकडून शिव्या आल्या, तेव्हा मला खात्री पटली की मी खरंच निःपक्षपाती आहे.

ऊन उतरलं होतं. शेत माणसांनी भरलं होतं, बांधावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, ताडाच्या अर्ध्या उंचीपर्यंत माणसं. पाड्याचा संघ सुरुवातीपासून पुढे होता. शेवटी शेवटी तलासरीने गाठत आणलं. वेळ संपत आली तेव्हा पाडा दोन गुणांनी मागे पडला आणि शेवटची चढाई त्यांच्याकडे आली. दोघांना शिवून आला तर बरोबरी, तिघांना शिवला तर जिंकले. रेषेवर तिचा मुलगा येऊन उभा राहिला.

आणि मैदानात चारी बाजूंनी हात वर गेले. प्रत्येक हातात फोन. माझं उद्घाटनाचं भाषण कुणीही विसरलं नव्हतं. आख्खा पाडा, शेजारचे चार पाडे आणि तलासरीहून आलेली टेम्पोभर मंडळी एकाच वेळी आपापल्या खिशातलं चॅनेल जगाला दाखवायला लागली. ताडाच्या बुंध्याशी होती ती चिमूटभर रेंज, ती सगळ्यांनी वाटून घेतली.

माझ्या ते ध्यानात आलं नाही. मी डोळे त्याच्यावर ठेवून बोलत होतो. तो आत शिरला, डावीकडे गेला, एकाला हात लागला. वळला तेव्हा एकाने घोटा धरला, दुसरा पाठीवर पडला, मग सगळेच पडले. आरोळी अशी उठली की ताडावरची पाखरं उडाली. सातांच्या ढिगाखाली तो दिसेना. पंचाने शिट्टी वाजवली. ढीग एकेक करून उठला. तो उठला नाही. तोंड मातीत, उजवा हात अंगाखाली.

"उठ रे," मी माईकमध्ये म्हणालो. ही कॉमेंट्री नव्हती. "उठ."

तो हलला. कुशीवर झाला, गुडघ्यावर आला, उभा राहिला. खांदा चोळला, हात झटकला आणि मान खाली घालून आपल्या गड्यांकडे चालू लागला. "उठला," मी ओरडलो. "उठला, बरा आहे, हात हलवतोय." माझा आवाज फाटला होता. मग मी स्क्रीनकडे बघितलं. एक गोल चक्र फिरत होतं. चढाईला निघतानाचं चित्र गोठलेलं होतं, त्यापुढे काही गेलंच नव्हतं.

म्हणजे बांधापलीकडे ती आरोळी पोचली होती, आणि त्यानंतर काहीच नाही.

मी धावलो. माझं वजन आणि माझी सवय बघता हे वाक्य मला अजून खरं वाटत नाही. फोन, तिपाई सगळं तिथेच टाकलं. मागे काय झालं ते मला नंतर कळलं: थोड्या वेळाने रेंज आली, आणि फोनने आपला आपण, माझ्याशिवाय, बक्षीस समारंभ शेवटपर्यंत दाखवला. त्याखाली लोकांनी लिहिलं होतं की आजचं कव्हरेज सगळ्यात उत्तम, असंच शांत ठेवत जा.

कापलेल्या भाताचे खुंट चपलेतून टोचत होते. एक चप्पल बांधावर राहिली. बांध उतरताना मी गुडघ्यावर आपटलो, उठलो, पुन्हा धावलो. ती अंगणाच्या कडेला उभी होती. हातात फोन, या वेळी सुलटा, आणि त्यावर तेच गोठलेलं चित्र असणार. तिने मला येताना बघितलं.

आणि ती खाली बसली. सारवलेल्या अंगणात, एकदम, आणि फोन बाजूला पडला.

मी तिच्यापुढे पोचलो, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. दोन दिवस अखंड बोललेलं ते तोंड नुसतं उघडत-मिटत होतं. शिवाय मी अडकलोही होतो. मला तिच्यासाठी दोनच शब्द पाठ होते, आणि ते आज खरे नव्हते. तो परत आला नव्हता. मग बोलता येईना म्हणून मी खुणेने सांगायला गेलो. त्याचा खांदा ठीक आहे हे सांगायला मी स्वतःच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला.

तिने डोळे मिटले. "गेला खांदा," ती अगदी हळू म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. कसाबसा श्वास घेतला. "धरला त्याला. पण उठला. चालतोय. हात हलवतोय."

तिने डोळे उघडले. माझी एक चप्पल, फुटलेला गुडघा, सुटलेलं पोट, सगळं बघितलं.

"मग धावत कशाला आलास?" ती म्हणाली.

चालत गेलो असतो तर तिने लांबूनच ओळखलं असतं की सगळं बरं आहे. मीही तिच्यासमोर अंगणातच बसलो. मला लाज वाटली, आणि हसूही येत होतं, आणि रडूही. ती पदराने तोंड पुसत होती.

"हरलं काय?" तिने विचारलं.

"हरले."

"पुढं होती ना आपली पोरं? पहिल्यापासनं पुढंच होती." आणि गुण सांगू नको म्हणणारी ती बाई आता हुंदके देऊन रडायला लागली. आधी दाबून ठेवलेलं सगळं त्या हरण्यावर निघालं.

तेवढ्यात तो बांधावरून येताना दिसला. संथ, मान खाली, अंगभर माती, माझी चप्पल हातात घेऊन. अंगणात आला, आई रडतेय आणि लाइव्हवाला फतकल मारून बसलाय, हे बघून तो वैतागला. "एवढं काय झालं? पुढल्या साली जिंकू," तो म्हणाला.

ती उठली. त्याच्याजवळ गेली. त्याच्या खांद्यावरची पट्टी तिने बोटांनी चाचपली.

"वर कर हात," ती म्हणाली.

त्याने उजवा हात वर केला.

"आणखी वर. फांदीला लागेल एवढा."

त्याने हात ताणला. ती बघत होती, एकटक बघत होती.

"दुसरा पण."

"त्याला काय झालंय?" तो म्हणाला, पण त्याने डावाही वर केला. हरलेला गडी दोन्ही हात आभाळाकडे करून अंगणात उभा राहिला. थोड्या वेळाने दमून ते खाली घ्यायला लागला, तेव्हा तिने त्याची दोन्ही कोपरं खालून धरली.

"नको घेऊ खाली," ती म्हणाली. "राहू दे अजून जरा."